फ्रीबीएसडीवर ९के बफर नाकारले जातात तेव्हा: माझा अनुभव

नेटवर्क अडलं की पहिला सल्ला ठरलेला: एनएमबीक्लस्टर्स, म्हणजे पॅकेटं ठेवायच्या बफरांच्या संख्येची मर्यादा, वाढवा. तो ऐकून मी मर्यादा दुप्पट केली, मग चौपट केली. पॅकेटं गळायची ती गळतच राहिली. हा सल्ला आकडे न बघता दिला जातो, याचा मला अजून राग आहे.

मशीनवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, झेडएफएस ही फाइल सिस्टिम आणि नेटवर्कवरून फाइली वाटणारं एनएफएस होतं, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० बाइट. रीस्टार्टनंतर काही दिवस सुरळीत, मग गळती सुरू. लिंक चालू, सीपीयू मोकळा.

नेटस्टॅट -एम मध्ये जम्बो क्लस्टर (मोठ्या पॅकेटांचे बफर) नाकारल्याच्या ओळीत ४के/९के/१६के असे तीन आकडे येतात. आमच्याकडे मधला वाढत होता. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून १० सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या आणि फरक बघा. नुसता मोठा आकडा बघून घाबरू नका.

खरं उत्तर व्हीएमस्टॅट -झेड मध्ये मिळालं. एमबफ_जम्बो_९के या ओळीतले लिमिट, यूज्ड आणि फेल हे तीन रकाने वाचा. यूज्ड लिमिटला टेकलं असेल तर ९केची मर्यादा (एनएमबीजम्बो९) जरूर वाढवा. इथे यूज्ड लिमिटच्या जवळपासही नव्हतं, तरी फेल वाढत होतं. म्हणजे अडचण मर्यादेची नव्हतीच.

९के क्लस्टर ९२१६ बाइटचा. त्याला मेमरीची ४०९६ बाइटची तीन पानं (पेज) लागतात, तीही प्रत्यक्ष रॅममध्ये एकमेकांना लागून. झेडएफएसचा कॅशे मेमरी भरतो आणि तुकड्यातुकड्यांनी सोडतो. त्यामुळे मोकळी मेमरी भरपूर दिसते, पण सलग तीन पानं मिळत नाहीत. ड्रायव्हर बफर मागताना वाट बघत थांबत नाही, लगेच नकार घेतो. मग रिंगमधली, म्हणजे येणारी पॅकेटं उतरवायच्या बफरांच्या रांगेतली, जागा भरली जात नाही आणि येणारं पॅकेट टाकून द्यावं लागतं. मागणीही थोडीथोडकी नसते: ८ रांगा, प्रत्येकीत २०४८ जागा, म्हणजे १६३८४ बफर. ९के धरले तर एका पोर्टच्या रिंगा भरायलाच १४४ एमबी सलग तुकड्यांत हवेत.

खात्रीसाठी सिस्कटल व्हीएम.फिज_फ्री बघा. त्यात ऑर्डर ० म्हणजे ४के, १ म्हणजे ८के, २ म्हणजे १६केचे मोकळे तुकडे. तीन पानांसाठी २ आणि त्यावरच्या ओळी महत्त्वाच्या. आमच्याकडे ० आणि १ मध्ये मोकळे तुकडे भरपूर, वर जवळजवळ शुकशुकाट. रीस्टार्टने काही दिवस बरं का वाटायचं, तेही इथेच कळलं.

उपाय एकच: ड्रायव्हरला ४के बफर वापरायला लावणं. चेल्सिओच्या कार्डांना /बूट/लोडर.कॉन्फमध्ये एचडब्ल्यू.सीएक्सजीबीई.लार्जेस्ट_आरएक्स_क्लस्टर ४०९६ करता येतं. आयफ्लिबवर (फ्रीबीएसडीच्या नेटवर्क ड्रायव्हरांच्या सामायिक चौकटीवर) बेतलेले ड्रायव्हर मोठ्या फ्रेमसाठी मुळातच ४के घेतात. आमच्या ड्रायव्हरला अशी सोय नव्हती, म्हणून एमटीयू ४००० केला. १४ बाइट हेडर, ४ व्हीलॅनचे, ४ सीआरसीचे मिळवून ४०२२ होतात, एका पानात बसतात. त्या नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्रावर आणि स्विचवर हा एमटीयू जुळायला हवा, नाहीतर मोठी पॅकेटं गुपचूप गायब होतात. तपासायला पिंग -डी (कॅपिटल डी, म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका) -एस ३९७२. २८ बाइट हेडरचे वजा. त्यानंतर फेलचा आकडा जो थांबला तो थांबलाच, आणि तो थांबलेला बघून फार हायसं वाटलं.

एक राहिलंच: एनएमबीक्लस्टर्स चालू मशीनवर वाढवता येतं, कमी करता येत नाही. त्यासाठी लोडर.कॉन्फ बदलून रीबूट करावं लागतं. माझी चौपट मर्यादा तशीच उतरवावी लागली.

आणि नेटस्टॅट -एम मधला कॅशेचा (वापरून मोकळ्या ठेवलेल्या बफरांचा) आकडा फुगलेला दिसला तर ती मेमरीची गळती समजू नका. ट्रॅफिक ओसरल्यावरही वापरातला, म्हणजे पहिला आकडा उतरत नसेल तर मात्र नेटस्टॅट -एएन मध्ये रिसीव्ह-क्यू (आलेला पण न वाचलेला डेटा) बघा. कुठली तरी प्रोसेस सॉकेट वाचतच नसते आणि तिचे बफर तिथे अडकून पडलेले असतात.