आरसा नसलेलं बेसिन

गेल्या शनिवारी नणंदेच्या मुलीबरोबर अंधेरीतल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये गेले होते, तेव्हापासून डोकं शांत नाहीये म्हणून लिहायला बसले. पोरगी पंचवीस वर्षांची, मालिकांमध्ये छोटे छोटे रोल करते, कधी गोरेगावला फिल्मसिटीत शूट तर कधी मढला, पहाटे दहिसरहून निघते आणि रात्री अकराला घरी येते. कुठल्यातरी कोऑर्डिनेटरने तिला सांगितलं की नाक जरा शार्प करून घे, क्लोजअपला मार खातेस. झालं, तेच डोक्यात बसलं. मला म्हणाली, मामी तू सिस्टर आहेस, तू चल ना, आईला यातलं काही कळत नाही.

मी बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली सात एका सरकारी हॉस्पिटलच्या बर्न्स आणि प्लास्टिक वॉर्डात काढली. त्यामुळे या सर्जरीबद्दल माझ्या मनात राग वगैरे अजिबात नाही, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मनाने कोणाला नाक बदलायचं असेल तर बदलावं. पण त्या क्लिनिकमध्ये मी जे बघितलं त्यात तिचं मन कुठे होतं तेच मला दिसलं नाही.

डॉक्टरच्या आधी एक काउन्सिलर भेटली. तिने आधी फोटो काढले. मेकअप पुसून या, केस मागे बांधा, हसू नका, आणि वर पांढरीफटक ट्यूबलाइट, त्या उजेडात माझा चेहरा पण कोणी बघू नये. मग ते फोटो मोठ्या स्क्रीनवर लावून त्या मुलीसमोर तिच्याच नाकावर लाल रेघा मारल्या. पोरगी खुर्चीत लहान होत गेली. मग कोटेशन, त्यावर जीएसटी, आणि मग खरी गोष्ट आली. रील करायला परवानगी दिली तर पंचवीस हजार कमी. ऑपरेशन थिएटरमधलं थोडं शूट करणार, आणि नाकावरचं स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, काढतील तेव्हाची रिअॅक्शन. ती म्हणाली, 'रिअॅक्शन फर्स्ट टेकच हवी, त्याआधी आरसा बघायचा नाही.' डॉक्टर आले ते सात-आठ मिनिटं, कधी करायचंय विचारलं, का करायचंय हे काही विचारलं नाही.

ते आरसा बघायचा नाही ऐकून मी चमकलेच. घरी येताना ट्रेनमध्ये भाचीने मला तिच्या मोबाइलवर क्लिप दाखवल्या, ती म्हणे कॉलेजपासून बघते हे सगळं. त्यात द स्वॉन नावाचा अमेरिकन शो होता, २००४ सालचा. स्वतःला कुरूप समजणाऱ्या बायकांना निवडायचं, तीन महिने घरापासून लांब ठेवायचं, सर्जरी, दात, डाएट सगळं करायचं, आणि या तीन महिन्यांत एकदाही आरसा द्यायचा नाही. शेवटी पडदा बाजूला, समोर मोठा आरसा, बाई रडते, सगळे टाळ्या वाजवतात. एवढंही पुरत नाही, एका एपिसोडमध्ये दोन बायका, त्यातली एक सौंदर्यस्पर्धेला पुढे जाणार आणि दुसरी घरी. म्हणजे एवढं कापून घेतल्यावर पण तिला परत सांगायचं की तू कमीच पडलीस.

आमच्या वॉर्डात पण बेसिनवर आरसा नव्हता. इनचार्ज सिस्टरने तो काढून कपाटात ठेवला होता. ज्याला बघायचा असेल त्याने मागायचा, मग आमच्यातली एक जण शेजारी बसायची, घाई नाही. एक बाई होती, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली, वर्षभराने आमच्याकडे आली तेव्हा हनुवटी छातीला चिकटलेली, याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. मान वर होत नव्हती, ओठ मिटत नव्हते, लाळ गळायची, चहा बशीतून पण सांडायचा. ते सोडवून मांडीची कातडी मानेवर लावली. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं, ग्राफ्ट, म्हणजे लावलेली कातडी, छान धरला होता, डॉक्टर सरांनी तसं सांगितल्यावर पण तिने आरसा मागितला नाही. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी ट्रॉली घेऊन गेले तर ती जेवणाची स्टीलची थाळी घासून, गाऊनच्या कडेने कोरडी करून, उलटी धरून तिच्यात बघत होती. थाळी थोडी वर, थोडी खाली, मग मानेजवळ. मी दारातच थांबले. पाच मिनिटं असेल, दहा असतील. तिचं बघून झाल्यावर तिने थाळी स्टुलावर ठेवली आणि म्हणाली, या सिस्टर.

तिथे कॅमेरा असता तर? हाच विचार मी बोरिवली येईपर्यंत करत होते.

असाच अजून एक अमेरिकन शो होता, एक्स्ट्रीम मेकओव्हर. टेक्सासमधल्या एका बाईने २००५ साली तो दाखवणाऱ्या चॅनेलवर केस केली होती. तिचं म्हणणं असं की शोवाल्यांनी तिच्या घरच्यांकडून कॅमेऱ्यासमोर ती किती वाईट दिसते हे वदवून घेतलं, आणि सर्जरीच्या आदल्या दिवशी सांगितलं की तुझी रिकव्हरी आमच्या शेड्यूलमध्ये बसत नाही, घरी जा. म्हणजे घरच्यांच्या तोंडचे शब्द तेवढे घेऊन ती जुन्याच चेहऱ्याने परत गेली. जिने ते बोलून दाखवलं होतं त्या बहिणीने पुढे आत्महत्या केली. हे वाचल्यापासून मला त्या बहिणीचाच विचार जास्त येतो.

शेड्यूल हा शब्द मला फार खटकतो. नाकाचं स्प्लिंट साधारण आठवड्याने काढतात, डोळ्यांखालचं काळंनिळं जायला दोन आठवडे सहज लागतात, आणि सूज पूर्ण उतरून नाकाचा खरा आकार कळायला वर्ष जातं. टीव्हीत हे सगळं एका ब्रेकमध्ये होतं. आपल्याकडे तर मालिकेत नट बदलला की प्लास्टिक सर्जरी, आणि माझ्या पिढीने खून भरी माँगमध्ये मगरीच्या तावडीतून वाचलेल्या रेखाची पट्टी सुटताना बघितलीये, तेव्हापासून पट्टी सुटली की नवा माणूस हे आमच्या डोक्यात पक्कं आहे. बॉच्ड नावाच्या, बिघडलेल्या सर्जरी दुरुस्त करायच्या शोमध्ये डॉक्टर निदान कधीतरी नाही म्हणताना दिसतात हे मान्य, पण त्यातले डॉ. टेरी डब्रो तेच, जे दहा वर्षं आधी द स्वॉनमध्ये होते. आणि मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांमधली चेतना राज, २१ वर्षांची पोरगी, चरबी काढायच्या प्रोसिजरनंतर गेली. मी भाचीला हे मुद्दाम सांगितलं, ती गप्प झाली.

फोटो छापायलाच माझा विरोध आहे असं नाही. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं चित्र आलं होतं, इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकायचा, टिपूच्या लोकांनी पकडून नाक कापलं होतं, आणि पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याचं नाक परत केलं. ते वाचून पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तसंच ऑपरेशन केलं. आणि आपल्या मुंबईत जेजेला डॉ. नोशीर अंतिया कुष्ठरोग झालेल्यांचे हात, नाकं दुरुस्त करायचे. सरकारच्या टॅक्सवाल्यांना पण हा फरक कळतो, अपघात किंवा जन्मजात व्यंगासाठीची सर्जरी जीएसटीतून सुटते.

आणि नियम आहेत हो. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की पेशंट ओढून आणणं, सरळ किंवा आडून, अनएथिकल आहे. ओळख पटेल असा पेशंटचा फोटो परवानगीशिवाय छापायचा नाही हेही आहे. पण पंचवीस हजार कमी करून घेतलेली सही, तीही दिवसाच्या रेटवर काम करणाऱ्या पोरीकडून, तिला मी परवानगी म्हणायला तयार नाही. बसचे चार पैसे वाचवायला आपण दोन स्टॉप चालत जातो, पंचवीस हजारांना ती नाही कसं म्हणणार? आणि भूल दिल्यावर तर शूट थांबवा म्हणायची सोयच नाही.

भाचीने अजून ठरवलेलं नाही. करायचं असेल तर एमसीएच, म्हणजे प्लास्टिक सर्जरीतली खास डिग्री, झालेला सर्जन आपण शोधू, पूर्ण पैसे भर, रील नको, आणि स्प्लिंट निघताना मी शेजारी बसेन, एवढं मी तिला बोललेय. नंतर ती म्हणाली, मामी ते लाल रेघांचे फोटो त्यांच्याकडेच राहिलेत. मी लगेच फोन केला, डिलीट करा म्हणून सांगितलं, तर म्हणे सिस्टिममध्ये आहेत, मॅडमना विचारून सांगतो. चार दिवस झाले, कोणी सांगितलं नाही. तिने सही केलेल्या कागदाची कॉपी पण दिली नव्हती. सोमवारी माझा ऑफ आहे, सकाळी जाऊन दोन्ही मागणार आहे.