युरोपा अल्बम : देशवार मांडणी मोडली, नकाशावार लावते आहे

जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं आणि त्याच रात्री पहिलं पान रिकामं केलं. अकरा वर्षं माझा युरोपा तिकिटांचा (युरोपातले देश एकाच चित्राची किंवा एकाच विषयावर काढतात ती टपाल तिकिटं) संग्रह देशवार लावलेला होता, तोही मराठी वर्णक्रमानं: अल्बानिया पुढे, हंगेरी शेवटी. शोधायला सोपं, पाहुण्यांना दाखवायला नीटनेटकं. पण ही तिकिटं शेजाऱ्याच्या तिकिटाला लावून बघायची असतात. आयर्लंडचं 1962 चं झाड आणि फ्रान्सचं 1962 चं झाड यांच्यामध्ये माझ्या अल्बमात चाळीस-एक पानं होती. दोन्ही झाडं एकच, हे मलासुद्धा पानं उलटून उलटून आठवावं लागायचं.

आता मांडणी वर्षवार. एका वर्षाला समोरासमोरची दोन पानं आणि त्या दोन पानांवर तिकिटं नकाशासारखी. डावीकडे वर आइसलँड, खाली कोपऱ्यात पोर्तुगाल, उजवीकडे वर फिनलंड, तळाशी ग्रीस, सायप्रस, तुर्कस्तान. काळ्या पानांचं स्टॉकबुक घेतलं, पट्ट्यांमध्ये तिकीट सरकवता येतं, हिंज (तिकीट पानाला चिकटवायची डिंकाची छोटी कागदी पट्टी) लावायची गरज नाही. आजवर 1956 ते 1973 पूर्ण लावून झालं, पुढचं अर्धवट आहे.

या विषयात नव्यानं आलेल्यांसाठी दोन शब्द. 1956 साली बेल्जियम, फ्रान्स, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनी या सहा देशांनी एकाच चित्राची तिकिटं काढली. ‘युरोपा’ या शब्दाच्या अक्षरांचा मनोरा आणि त्याभोवती बांधकामाची परांची. युद्ध संपून अकराच वर्षं झाली होती, एकमेकांची शहरं बेचिराख केलेले देश होते हे. एकूण 13 तिकिटं, पाच देशांची दोन-दोन आणि लक्झेंबर्गची तीन. ती तीन आजही सगळ्यांत महाग. 1959 मध्ये युरोपातल्या टपाल खात्यांची सीईपीटी ही संघटना झाली, त्यानंतर सामाईक चित्राची प्रथा पक्की झाली. 1993 पासून हे काम पोस्टयुरोप ही युरोपातल्या टपालसेवांची संघटना बघते.

सामाईक चित्रांच्या काळात मला सगळ्यांत जास्त आवडतात ती आकडे पोटात घेऊन आलेली तिकिटं. 1960 च्या तिकिटावर ‘युरोपा’मधल्या ‘ओ’चं चाक केलंय. त्याला 19 आरे, कारण सीईपीटी स्थापन करणारे देश 19. 1961 ला 19 कबुतरांचं मिळून एक उडतं कबुतर. 1962 ला 19 पानांचं झाड. 1964 ला फूल, त्याच्या पाकळ्या 22. गेल्या रविवारी भाचीला भिंग देऊन स्वित्झर्लंडच्या झाडाची पानं मोजायला बसवलं. दोनदा अठराच भरली. तिसऱ्यांदा तिनं चिमट्याचं टोक तिकिटाच्या जरा वर धरून एकेक पान मोजलं आणि एकोणीस म्हणाली. मग स्वतःहूनच शेजारच्या आयर्लंडचीही मोजली. तिथे पहिल्या फटक्यात एकोणीस.

चित्र एक असलं तरी पान एकसारखं दिसत नाही, आणि ते कळायला ही मांडणीच हवी होती. 1964 चं पान बघा. फूल तेच, पण देशाचं नाव प्रत्येकानं आपल्या घरच्या पद्धतीनं घातलेलं. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा चालतात, तेव्हा एकीचीही बाजू न घेता त्यांनी लॅटिनमधलं ‘हेल्वेशिया’ घेतलं. बेल्जियमनं दोन भाषांत दोनदा लिहिलं. ग्रीसनं युरोपाचंही ग्रीक लिपीत ‘एव्रोपी’ केलं. आणि सायप्रस! एवढ्याशा तिकिटावर ग्रीक, तुर्की आणि इंग्रजी अशी तिन्ही नावं. आपल्या तिकिटावरचं ‘भारत’ आणि त्याच्या बाजूचं ‘इंडिया’ बघत मोठे झालेलो आपण, आपल्याला यात नवल वाटू नये. तरी मी त्या तिकिटापाशी बराच वेळ थांबले. उलट टोकाला ब्रिटन: 1960 आणि 1961 ची त्यांची युरोपा तिकिटं माझ्याकडे आहेत, त्यांवर देशाचं नाव मुळी नाहीच. ब्रिटिश तिकिटावर तेव्हा फक्त राणीचं डोकं असायचं, तेवढ्यावर ओळखायचं.

आणि पैसा. 1962 च्या एका झाडाखाली फ्रँक, मार्क, लिरा, गिल्डर, क्रोन असं सगळं आहे. 2002 च्या जानेवारीपासून यातल्या बऱ्याच देशांत युरोची नाणी-नोटा आल्या, आणि त्या पानांवर तिकिटांच्या किमती एकाच चलनात दिसू लागल्या. पण तोवर चित्रं मात्र ज्याची त्याची झाली होती. आधी चित्र एक आणि पैसे वेगळे, मग पैसे एक आणि चित्रं वेगळी. देशवार अल्बममध्ये हे मला अकरा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं.

नकाशावार लावताना दुसरी एक गोष्ट अंगावर आली. 1960 च्या दशकातल्या प्रत्येक पानावर उजवीकडे मोठा काळा पट्टा रिकामा राहतो. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, पूर्व जर्मनी. पहिल्यांदा वाटलं, जागा वाया जातेय, तुर्कस्तान जरा वर सरकवावा. सरकवलाही. मग दुसऱ्या दिवशी परत खाली आणला. ती जागा रिकामी आहे कारण तेव्हा ते देश या खेळात नव्हते, आणि पानानं ते सांगायला हवं. 1969 ला युगोस्लाव्हिया येतो, त्या काळ्या पट्ट्याच्या काठावर एकटाच. 1990 च्या पानावर पोलंड आणि हंगेरी दिसतात. त्या वर्षीचा विषय होता टपाल कार्यालयांच्या इमारती. म्हणजे एवढ्या वर्षांनी आले ते आपापलं पोस्ट ऑफिस दाखवत आले. पूर्व जर्मनीची जागा मात्र कायमची रिकामी, त्या देशानं एकही युरोपा तिकीट काढलं नाही. मी तिथे काहीही ठेवलेलं नाही.

नव्वदीच्या पुढे उलटी अडचण. युगोस्लाव्हियाच्या एका खिशाच्या जागी स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि बाकीचे, आणि पलीकडे जॉर्जिया, अझरबैजान. उजवी कड संपते. युरोप नक्की कुठे संपतो यावर भूगोलवाले भांडतात ते भांडोत, माझ्या पानाला मी बाहेर उघडणारी एक पट्टी जोडली आहे. जाड काळा कार्डपेपर, आतून कापडी टेप. दोन महिने झाले, अजून टिकून आहे.

1974 पासून बहुतेक वर्षी चित्राऐवजी विषय सामाईक: शिल्प, चित्रकला, हस्तकला, निसर्ग, स्मारकं. (1984 ला पूल आणि 2000 ला ताऱ्यांचा मनोरा, अशी सामाईक चित्रं मधूनमधून येतात.) जुने संग्राहक म्हणतात इथून मजा गेली. मला तसं अजिबात वाटत नाही. एकाच सुरात सगळे गायले त्यापेक्षा एकाच प्रश्नाला प्रत्येकानं आपलं उत्तर दिलं, त्यात ओळख जास्त होते. 1981 चा विषय लोकजीवन. ब्रिटननं मॉरिस नाच दाखवला, ज्यात नाचणारे पायांना घुंगरांसारख्या घंटा बांधतात. स्वित्झर्लंडनं नाचणारं जोडपं आणि धोंडा फेकणारा गडी. पश्चिम जर्मनीनं दोन जोडपी दिली, एक दक्षिणेकडच्या पोशाखात, एक उत्तरेकडच्या. तिघांकडेही नाच होताच, पण जर्मनीला आपला एक नाच सांगताना दोन तिकिटं लागली. कोल्हापूर आणि रत्नागिरी एका तिकिटात बसवून दाखवा म्हटलं तर आपलंही तेच होईल.

पण माझं लाडकं पान 1996 चं. विषय: नामवंत स्त्रिया. या पानासाठी मी तीन रात्री बसले. ब्रिटनच्या संचात रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन. स्पेननं फ्लॅमेंको नर्तकी कार्मेन अमाया दिली. जर्मनीनं चित्रकार पाउला मोडरसोन-बेकर आणि केटे कोलविट्झ. इटलीची विमान चालवणारी कारिना नेग्रोने. स्वीडनच्या जोडीत अर्थतज्ज्ञ कारिन कॉक आणि मुलांसाठी लिहिणाऱ्या आस्ट्रिड लिंडग्रेन. आयर्लंडनं कामगार चळवळीतली लुई बेनेट आणि नाटककार लेडी ग्रेगरी. आणि फ्रान्सनं मादाम द सेव्हिन्ये, सतराव्या शतकातल्या, मुलीला लिहिलेल्या पत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या. पत्रं लिहिणाऱ्या बाईला टपाल तिकिटावर बसवावं, यापेक्षा योग्य काय असणार? ते तिकीट मी पानाच्या बरोबर मध्ये येईल अशी आखणी केली.

आता पावसाळ्याचा हिशेब, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्यांनाच हे भोगावं लागतं. जुलैत आठ दिवस उघाड नव्हती. 1967 आणि 1968 ची पानं एकमेकांना दाबून राहिली आणि मिंट, म्हणजे न वापरलेली, मागचा मूळ डिंक तसाच असलेली चार तिकिटं पट्टीला चिकटली. ओढली असती तर कागद सोलला असता. पानाचा तो भाग झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला, काही तासांनी बाहेर काढून चिमट्याचं पातं हळूच आत सरकवलं. तीन सुटली, डिंक थोडा खराब झाला पण कागद शाबूत. चौथ्याचा कोपरा गेला. ते लक्झेंबर्गचं होतं, फार वाईट वाटलं. आता प्रत्येक दोन पानांमध्ये ग्लासिन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल, आणि अल्बम आडवा न ठेवता उभा. दोन तिकिटांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसताहेत. ती वेगळी काढली, बाकीच्यांना लागण नको.

वापरलेल्या तिकिटांबाबत एक सूचना. जुनी कोमट पाण्यात टाकली की दहा-पंधरा मिनिटांत पाकिटापासून सुटतात, टिपकागदावर उपडी वाळवून पुस्तकाखाली दाबायची. रंगीत पाकिटाचा तुकडा मात्र वेगळ्या वाडग्यात, नाहीतर तांबडा रंग सगळ्यांना लागतो. अलीकडची स्वतःच चिकटणारी तिकिटं पाण्यात टाकूच नका, बरीचशी सुटत नाहीत. मी 2017 चे किल्ले आणि 2018 चे पूल पाकिटाच्या कागदासकट कापून ठेवले आहेत, चारी बाजूंना अर्धा सेंटिमीटर सोडून.

बाकी काय राहिलंय: 1956 ची लक्झेंबर्गची तिन्ही, 1960 चं लिश्टेनस्टाइन. दोन्ही जागा पट्टीत मोजून सोडल्या आहेत. किंमत ऐकून सध्या तरी घेणं नाही. 1981 ला अजून सात खिसे मोकळे. 2014 ची वाद्यं अजून पिशवीतच आहेत, ती दिवाळीच्या सुट्टीत लावीन. 2023 चं शांततेचं सामाईक चित्र माझ्याकडे पाच देशांचं आलंय, केल्टिक गाठीवरून घेतलेलं ते चित्र पानावर कसं दिसतं ते बघायची घाई झाली आहे, पण क्रम मोडायचा नाही असं ठरवलंय.

अदलाबदलीसाठी माझ्याकडे दुहेरी: 1967 ची दातेरी चाकं (बेल्जियम, इटली), 1968 ची किल्ली (फ्रान्स, स्वित्झर्लंड), 1961 ची ब्रिटनची कबुतरं, सगळी वापरलेली, शिक्का हलका. बदल्यात 1981 ची कुठलीही चालतील, पोर्तुगाल आणि माल्टा असतील तर आधी सांगा.