सुमित्राताईंचा जानेवारी

चित्रपट दिग्दर्शक सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांचा जन्मदिवस १२ जानेवारी. त्याच दिवशी जिजाऊ जयंती असल्याने सभागृह मिळत नाही, म्हणून त्यांचे चित्रपट दाखवणारा आमच्या मंडळाचा मेळावा पुढच्या रविवारी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन दरवर्षीचंच.

प्रास्ताविकात ताईंचा पहिला लघुपट ‘बाई’ (१९८५) यायचाच. समाजकार्य शिकवणाऱ्या ताईंनी वस्तीतल्या बायकांचा अभ्यास केला. तो अहवाल त्या बायकांनाच वाचता येणार नव्हता, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या चित्रपटाकडे वळल्या. पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांबरोबर ‘दोघी’पासूनचे बरेच चित्रपट, आणि शेवटी ‘दिठी’. ‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा मंडळाने पेढे वाटले. पेढ्यांना मात्र गर्दी होती!

प्रोजेक्टर सहसा दगा देत नाही, दगा देतो तो आवाज. या चित्रपटांत माणसं हळू बोलतात आणि पत्र्याच्या छताखाली ते बोलणं घुमतं. दोन्ही भिंतींवर जाड सतरंज्या टांगायच्या, स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर ठेवायचे, खडखडणारे पंखे बंद करायचे. फाइल आदल्या दिवशी शेवटपर्यंत चालवून बघायची. पहिली दहा मिनिटं नीट चालली म्हणून सोडून दिली की मध्यंतरानंतर ओठ पुढे आणि आवाज मागे.

पाहुण्यांची भाषणं फारशी आठवत नाहीत. आठवतं ते स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’नंतर मागच्या रांगेतून उठणारं कुणीतरी, बहुधा सून किंवा मुलगी. ‘आमचे अप्पाही असेच घराबाहेर पडायचे,’ एवढं बोलून थांबते. ‘देवराई’नंतर एखाद्या घरातला स्किझोफ्रेनिया पहिल्यांदा चारचौघांत बोलला जातो. अशी माणसं व्यासपीठावर येत नाहीत. माइक त्यांच्याजवळ न्यावा लागतो, दिवे अर्धेच लावावे लागतात, आणि ‘दोन मिनिटांत आटपा’ तर म्हणायचंच नाही.

खुर्च्या दीडशे. चहाला सगळ्या भरतात, चर्चेला निम्म्या. मागे पडलेल्या मुलांच्या तुकडीवरचा ‘दहावी फ’ लावला त्या वर्षी तर आसपासच्या शाळांना पत्रं देऊनही मुलं आली, शिक्षक मोजकेच.

आभार नेहमी घाईत उरकतात, म्हणून इथे सगळेच: सतरंज्या झटकून आणणाऱ्या महिला मंडळाच्या काकू, पाच लिटर दूध उकळणारे चहावाले काका, फ्यूजपाशी बसून राहणारे वायरमन, उधारीवर पास छापणारा छापखाना, माइक घेऊन पळणारी कॉलेजची पोरं, चपला नीट लावणारी दोन लहान मुलं, आणि साडेदहापर्यंत कुलूप हातात घेऊन थांबणारे वॉचमनदादा. गेल्या वेळी त्यांचंच नाव राहिलं होतं. अजून कुणी राहिलं असेल तर रविवारच्या आत चिटणिसांना कळवा.