खुंट कुठला?

पूर्वी आमच्या कोथरूडमधून कुणी परदेशी निघालं, की ते हमखास लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेलं असायचं. बॅगेत डिंक, अळीव, खारका, आणि मुक्काम व्हिसा संपेपर्यंत. आता आमच्या वयाची माणसं ‘फूड अँड वाइन’साठी निघतात. सोसायटीत सांगताना मी ‘फूड’ ठणठणीत आवाजात म्हणायचे आणि ‘वाइन’ खोकल्यात घालवायचे.

धाकटी बहीण ॲडलेडला असते. तिच्या घरापासून तासाभरावर बरोसा व्हॅली, म्हणजे शिराझ या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनचं माहेरघरच म्हणतात ऑस्ट्रेलियात. मार्चमध्ये तिथे तोडणी चालू असते, म्हणून “ताई, येशील तर मार्चमध्येच ये” असा तिने लकडा लावला होता. मला शिराझ आणि कॅबर्नेमधला फरक बाटलीवरचं लेबल वाचून कळतो. नवऱ्याचं तसं नाही. तो मूळचा नारायणगावचा. घरची द्राक्षबाग आहे, आता दीर बघतात. वाइन तो कुणी आग्रह केला तर घेतो, पण रस्त्याकडेला द्राक्षाचा मांडव दिसला की गाडी थांबवतो.

निघायच्या आदल्या आठवड्यात तो गावी जाऊन आला होता. ऑस्ट्रेलियात उतरण्याआधी जे कार्ड भरायचं असतं, त्यात खाण्याचे पदार्थ, बिया, माती यांच्या जोडीला एक प्रश्न असतो: गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होतात का? मी हळूच म्हटलं, “नाही लिही, कशाला कटकट.” त्याने ‘हो’वर ठसठशीत फुली मारली. बहिणीने दुधाचं काही आणायचं नाही असं बजावल्यामुळे पेढे घरीच राहिले होते. माझी बाकरवडी आणि गोडा मसाला दोन मिनिटांत सुटले. अडकले ते याचे बूट. अधिकारी बाईंनी ते उलटे केले, तळव्याच्या खाचांत बॅटरी मारली, टोकदार काहीतरी घालून नारायणगावची माती उकरून काढली, मग बूट आत नेऊन धुतले आणि ओलेच हातात दिले. खरं सांगितल्याबद्दल आभारही मानले. मी लाजेने चूर. हा मात्र खूश. “असं पाहिजे आपल्याकडे,” म्हणाला, आणि बाहेर पडेपर्यंत ओल्या बुटांचा चुबुकचुबुक आवाज करत चालला.

ॲडलेडचं सेंट्रल मार्केट १८६९ चं. आपली मंडई १८८६ ची, म्हणजे ते सतरा वर्षांनी थोरलं. ऑलिव्ह, पाव, मध, कांगारूचं मटणसुद्धा. बहीण चीजच्या गाळ्यावर दोन-तीन तुकडे चाखून, नाक मुरडून, चौथं घेते. आई आंबेवाल्याकडे हेच करायची. बाकी बाजार तो बाजार.

खरी मजा बरोसात. तिथल्या टेस्टिंगची एक रीत आहे. पेल्यात घोटभर वाइन, आधी रंग बघायचा, मग वास, मग तोंडात खेळवायची आणि शेजारच्या भांड्यात थुंकायची. पुण्यात मी आयुष्यभर ‘येथे थुंकू नये’ वाचत आले, आणि पानात टाकलं तर ओरडा खाल्ला. त्यामुळे ही दोन्ही पापं एकदम करायला, तीही काळ्या एप्रनमधल्या हसऱ्या मुलीसमोर, माझं मन होईना. मी गिळत गेले. तिसऱ्या ठिकाणी मला सगळ्याच वाइन उत्तम वाटायला लागल्या. गाडी मेहुणे चालवत होते. तिथे रक्तात ०.०५ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणून ते बिचारे फक्त वास घ्यायचे आणि बिस्किटं खायचे. पण बोलायचे तेच सगळ्यात जास्त. सदाशिव पेठेत वाढलेला हा माणूस. कुंडीतली तुळस त्याच्याकडून कधी जगली नाही. आता कुठल्या उतारावर लाल माती आहे, कुठल्या वाडीत वारा रात्री गार होतो, हे अशा थाटात सांगतो की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे.

तनुंडा गावात लँगमाइल म्हणून वायनरी आहे. तिथे १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली अजून माल देतात. प्रशियातून धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या जर्मन लोकांनी हा सगळा मुलूख वसवला. वेली ठेंगण्या, खोडं पिळवटलेली, दोन हातांत न मावणारी. माहिती सांगणारी मुलगी रंगात आली होती, तेवढ्यात नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. “विचार तिला, खुंट कुठला?”

मी विचारलं. ती म्हणाली, खुंट नाहीच. आपल्याच मुळांवर आहेत.

हा गप्प झाला. आमच्याकडे डॉगरिज जातीच्या वेलीचा खुंट, म्हणजे खालचं मूळ आणि बुंधा, आधी लावतात, पाणी कमी आणि जमीन खारवट म्हणून, आणि त्यावर द्राक्षाचं कलम भरतात. युरोपात कारण वेगळं. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्सच्या बागांत शिरली आणि मळेच्या मळे वाळले. शेवटी अमेरिकन खुंटावर कलमं करून लोकांनी बागा वाचवल्या. ही कीड १८७७ मध्ये ऑस्ट्रेलियात गिलाँगजवळही सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र बाहेरच्या वेली आणि माती कडक कायद्याने रोखून धरली, आणि ती कीड तिथे आजतागायत पोचलेली नाही. म्हणून १८४३ चं मूळ शाबूत. नवऱ्याने आपल्या बुटांकडे एकदा पाहिलं. आमची बाग पंधराएक वर्षांची झाली की मोडायच्या गोष्टी सुरू होतात. आपल्या हवेत वेल थंडीत झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, वर्षाला दोनदा कात्री. बरोसातली वेल हिवाळाभर नुसती काटकी होऊन पडून असते.

दुसऱ्या दिवशी सेपल्ट्सफील्ड ही वायनरी. तिथे १८७८ पासून दर वर्षीच्या टॉनी नावाच्या गोड, कडक वाइनचं पिंप राखून ठेवतात आणि शंभर वर्षांनी बाटलीत भरतात. आधी सांगितलं तर तुमच्या जन्मसालाच्या पिंपातली चाखायला मिळते. बहिणीने बुकिंग करताना माझं साल बिनदिक्कत कळवलं होतं, त्यामुळे मेहुण्यांना आणि गटातल्या आठ अनोळखी माणसांना माझं वय कळलं. चमचाभरच मिळते. काळपट तपकिरी, पेला कलता केला की काचेला धरून राहणारी. आजीच्या मोरावळ्याच्या बरणीत तळाशी उरलेला पाक चाखावा तशी. वयाचा राग तेवढ्यापुरता गेला.

रात्री बहीण दमून पिठलं-भात करायची. त्याबरोबर ईडन व्हॅलीची रीझलिंग ही पांढरी वाइन, लिंबासारखी आंबट. तज्ज्ञ काय म्हणतील ते म्हणोत, मी नेलेल्या लसणाच्या चटणीपुढे टिकली ती तेवढीच. शिराझ पिठल्यासमोर पार हरली.

नवऱ्याचा जीव मात्र त्या वेलींतच अडकला होता. त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला, फोटो आधीच पाठवले होते. दीर बांधावरच होते, मागे मजुरांचा गलका.

“दादा, खोडं लई भारी हायेत,” दीर म्हणाले. “एकरी माल किती निघतो?”

“फार नाही रे. म्हाताऱ्या वेली. थोडा, पण भाव चांगला.”

“मग इतकी वर्षं ठेवल्या कशाला? भाव तर आत्ताचा.”

नवऱ्याने मेहुण्यांकडून ऐकलेलं सांगितलं. १९८० च्या दशकात तिथे द्राक्षं उदंड झाली, कुणी विचारेना. तेव्हा सरकारनेच वेली उपटायला पैसे दिले, आणि कितीतरी जुन्या शिराझच्या बागा लोकांनी मुळासकट काढल्या. काही जण अडून बसले, त्यांच्याच या.

पलीकडे जरा वेळ शांतता. मला वाटलं, दिरांना वाईट वाटलं असेल.

“दादा,” ते म्हणाले, “एकरी किती दिले?”