टीमवरचा ताण कमी कसा करू? तुम्ही विचारलंत म्हणून

नव्याने टीम लीड झालेले लोक मला हमखास विचारतात की टीम फार ताणात आहे, काय करू, योगाचं सेशन ठेवू का? ठेवा की, चांगलंच आहे ते. पण सेशन संपवून माणूस जागेवर येतो तेव्हा पेंडिंग काम तेवढंच असतं आणि डेडलाइनही तीच, त्यामुळे मी आधी विचारते की तुमच्या लोकांच्या हातात नक्की काय आहे? कुठलं काम आधी घ्यायचं, त्याला किती वेळ लागेल, मध्येच कोणी अर्जंट म्हणून काही आणून टाकलं तर त्याला थांब म्हणायचं, यातलं एक तरी ते स्वतः ठरवू शकतात का?

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं, कामाचा रेटा जास्त आणि ठरवायची मोकळीक कमी, हे दोन्ही जिथे एकत्र येतं तिथे माणूस सगळ्यात जास्त पिचतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल अभ्यास तर मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याला वाटतं टेन्शन मोठ्या साहेबांना, पण हृदयविकाराचं प्रमाण खालच्या हुद्द्यांवर जास्त निघालं, आणि १९८५ ला सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कामावर स्वतःचा ताबा नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण दिसलं.

तासांचं भान ठेवायचंच, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त असतो असं जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी २०२१ मध्ये सांगितलंय (तुलना ३५ ते ४० तासवाल्यांशी).

यावर लीड म्हणतात, अहो माझ्याच हातात काही नाही, तारीख वरून येते. खरंय. पण तारीख वरून आली तरी त्या तारखेला काय काय द्यायचं यावर बोलता येतं, आणि ते बोलणं लीडचंच काम आहे, टीममधल्या ज्युनिअर पोरीचं नाही. नवीन काम आलं की टीमला विचारा, हे घेतलं तर काय मागे जाईल? मग जे मागे जाणार ते तुम्ही स्वतः वर कळवा, लेखी, आणि टीमला त्या मेलच्या सीसीत ठेवा म्हणजे उशीर झाल्यावर कोणी त्यांना जाब विचारणार नाही.