फॉरमॅट मारायच्या आधी एकदा रिपेअर इन्स्टॉल करून बघा

कॉम्प्युटर बिघडला की मुंबईत कुठल्याही गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे न्या, थोडा वेळ बघून तो सांगणार, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा काढून देतो. डेटा मिळतो हो काढून, पण टाकलेल्या प्रोग्रामचं काय? मला याचा खरंच राग येतो कारण बहुतेक वेळा विंडोज जागच्या जागी दुरुस्त होतं आणि एकही प्रोग्राम जात नाही, पण हे गिऱ्हाईकाला कोणी सांगतच नाही.

घरच्या लॅपटॉपवर क्रोम, व्हीएलसी एवढंच असेल तर मारा खुशाल फॉरमॅट. पण गिरगावात माझ्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं, आणि हे सगळं पेजमेकर 7 या पानं मांडायच्या प्रोग्रामवर. ते 2001चं सॉफ्टवेअर, त्यानंतर नवीन व्हर्जन आलंच नाही, सीडी कधीच गहाळ झालेली, वर मराठी टायपिंगच्या पॅकेजचा डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) आणि जुने युनिकोड नसलेले फॉण्ट, जे नसतील तर इतक्या वर्षांच्या फाइली उघडून नुसती अगम्य अक्षरं दिसतात. अशा मशीनवर डेटा वाचला आणि प्रोग्राम गेले तर धंदाच बंद.

तर झालं असं की पावसात अपडेट चालू असताना लाईट गेली, त्यानंतर विंडोज चालू व्हायचं पण स्टार्ट मेनू उघडेना, प्रिंटर दिसेना, पुढचे अपडेट फेल. काकांचा फोन, "अरे तो फॉरमॅट म्हणतोय, पेजमेकर परत कुठून आणू मी? गणपतीच्या पावत्या अडकल्यात." म्हटलं काका, त्याला हात लावू देऊ नका, मी येतो.

प्रोग्राम फाइल्सचं फोल्डर कॉपी करून ठेवलं आणि नंतर परत टाकलं तर चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही चालत. प्रोग्रामच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत असतात, काही फाइली विंडोजच्या फोल्डरमध्ये, लायसन्स आणखी कुठेतरी. फॉरमॅटमध्ये हे सगळं जातं. रिपेअर इन्स्टॉल म्हणजे भाडेकरूंना बाहेर न काढता बिल्डिंगची दुरुस्ती, विंडोजच्या सिस्टिम फाइली नव्या येतात आणि प्रोग्राम, सेटिंग, फाइली आपापल्या जागी राहतात.

सगळ्यात आधी हार्ड डिस्क तपासा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा डिस्क तपासायचा प्रोग्राम फुकट आहे, त्यात कॉशन किंवा बॅड आलं तर रिपेअर वगैरे सोडा आणि आधी डिस्कची कॉपी काढा. डिस्क चांगली असली तरी कामाच्या फाइलींचा बॅकअप घ्याच. मग ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पहिल्यांदा डिझमचा (DISM) रिस्टोअर हेल्थ आणि त्यानंतर एसएफसी (SFC) स्कॅननाऊ, या दोन्ही विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी चांगल्या फाइली विंडोजच्या आतल्या साठ्यातून उचलतं, तो साठाच खराब असेल तर ते काय दुरुस्त करणार, आणि साठा नीट करायचं काम डिझमचं. बरेचदा इथेच भागतं. काकांच्या मशीनवर नाही भागलं.

मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 10ची आयएसओ, म्हणजे अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये, उतरवली, डबल क्लिक करून माउंट केली (ती ड्राइव्हसारखी उघडते) आणि आतला सेटअप चालू विंडोजमधूनच रन केला. पेनड्राइव्हवरून बूट करायचं नाही, तसं केलं तर प्रोग्राम ठेवायचा पर्यायच मिळत नाही. सेफ मोडमधूनही होत नाही. पुढे एका स्क्रीनवर "कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स" दिसतं, तेच सिलेक्ट झालंय ना हे डोळे उघडे ठेवून बघा. ते पुसट दिसत असेल तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. कारण साधं असतं, आयएसओची एडिशन (होम, प्रो वगैरे), भाषा किंवा 32-64 बिट जुळत नाही, नाहीतर आयएसओ तुमच्या विंडोजपेक्षा जुनी आहे. भाषेत फार लोक अडकतात, इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल या दोन वेगळ्या आयएसओ आहेत. सी ड्राइव्हवर 20 जीबीच्या वर जागा मोकळी ठेवा, बाहेरचा अँटीव्हायरस तेवढ्यापुरता काढा, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर सस्पेंड करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

आणि सेटिंगमधल्या "रिसेट धिस पीसी"मध्ये "कीप माय फाइल्स" वाचून फसू नका!! तिथे फक्त फाइली राहतात, तुम्ही टाकलेले प्रोग्राम सगळे उडतात. विंडोज 11 वाल्यांना रिकव्हरीमध्ये "फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट" असं बटण नव्या व्हर्जनमध्ये मिळतं, ते आयएसओशिवाय हेच काम करतं.

काकांकडे दोन-तीनदा रिस्टार्ट झालं आणि पेजमेकर जसाच्या तसा, फॉण्ट जागेवर, फक्त डोंगलचा ड्रायव्हर परत टाकावा लागला. जुनं विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" फोल्डरमध्ये 10 दिवस राहतं, काही बिनसलं तर तेवढ्यात मागे जाता येतं, म्हणून जागा करायला ते लगेच उडवू नका.

विंडोज चालूच होत नसेल तर आधी रिकव्हरी स्क्रीनवरून स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर किंवा शेवटचा अपडेट काढणं, काहीही करून डेस्कटॉपपर्यंत पोचायचं आणि मग सेटअप रन करायचा. एक्सपीच्या काळात सीडीवरून बूट करूनही हे जमायचं, पहिला आर सोडून दुसरा आर दाबायचा, जुन्या लोकांना आठवत असेल.

काकांच्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही त्यामुळे विंडोज 11 टाकता येत नाही, आणि विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपलाय. म्हणून ते मशीन आता नेटवरून काढून फक्त डीटीपीला ठेवायचं ठरलंय, मेल आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या लॅपटॉपवर. लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आणून ठेवलीये, पावत्यांची गडबड संपली की अख्खी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन करणार आहे.