बँजो, पण आपल्या वरातीतला नव्हे

मी गिरगावात वाढले त्यामुळे बँजो म्हटलं की डोळ्यासमोर येते ती विसर्जनाची बँजो पार्टी, टाईपरायटरसारखी बटणं दाबत वाजवायचं ते वाद्य आणि मागे ताशा. म्हणून नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण म्हणाला की आमचा ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या तंतुवाद्यांच्या संगीताचा, बँड अल्बम रेकॉर्ड करतोय, मी बँजो वाजवतो, येताय का बघायला, तेव्हा मला आधी हसूच आलं. पण गेलो. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून साधारण तीन तास, शेवटचा तासभर नुसते डोंगर, आणि मग ब्रिस्टल.

हे गाव अर्धं व्हर्जिनियात, अर्धं टेनेसीत. मधल्या स्टेट स्ट्रीटच्या बरोब्बर मध्यावर पितळी पट्ट्या ठोकल्यात, तिथे दोन राज्यांत एकेक पाय ठेवून फोटो काढायचा असतो, आम्हीही काढला, मागची गाडी हॉर्न न वाजवता थांबून राहिली हे विशेष. इथेच 1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीची मशीन घेऊन आला आणि टोप्यांच्या कंपनीच्या एका इमारतीत त्याने डोंगरातल्या लोकांची गाणी रेकॉर्ड केली. पुढे खूप गाजलेलं कार्टर कुटुंब त्यातलंच, त्यातली गिटार वाजवणारी मेबेल तेव्हा 18 वर्षांची आणि गरोदर. त्या रेकॉर्डिंगवर आता छान म्युझियम आहे, दोन तास सहज जातात. ब्लूग्रास मात्र नंतरचं बरं का, ब्लूग्रासचा जनक मानतात त्या बिल मन्रोच्या बँडमध्ये 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी बँजो वाजवायला लागला, तिथून ब्लूग्रासला आजचं रूप आलं.

स्टुडिओ म्हणजे गावाबाहेरचं एक जुनं लाकडी घर. पाचजण गोल करून उभे, बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिनच, गिटार आणि माणसापेक्षा उंच बास. वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडायचा प्रकारच नाही, सगळे एका खोलीत एकदम वाजवणार, त्यामुळे एक चुकला की पाचही जण पहिल्यापासून. आवाज नको म्हणून एसी बंद, फ्रिजसुद्धा बंद, आणि रेकॉर्डिंगवाल्या काकांनी काय करावं तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. का, तर घरी जाताना किल्ली शोधली की फ्रिज परत चालू करायची आठवण होते!

बँजोवाल्याच्या अंगठ्यात प्लास्टिकची आणि दोन बोटांत पत्र्याची नखी होती, आपल्या सतारवाल्यांची असते साधारण तशीच. पण मी बघत बसले मँडोलिनकडे. या संगीतात ड्रम नसतो, मग ताल कोण धरणार, तर बास देतो धा आणि मँडोलिनवाली त्याच्या मधल्या जागेत तारा छेडून डाव्या हाताची बोटं लगेच सैल सोडते, सूर उमटायच्या आत मरतो, नुसता चप् आवाज. बास, चप्, बास, चप्. माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला आणि काचेच्या बांगड्या वाजल्या. टेक गेला. कुणी काही बोललं नाही पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सगळ्या काढून पर्समध्ये टाकल्या.

मग वाद झाला तो मात्र भारी. अल्बममध्ये काही गाणी यांची स्वतःची, काही पारंपरिक. फिडलवाल्या बाईंचं एक गाणं, चाल आजीची, पहिलं कडवंही आजीचं, पुढची दोन यांनी लिहिलेली. आता नाव कुणाचं लावायचं? गिटारवाला म्हणे तुझंच लाव, रॉयल्टी मिळेल. बाई म्हणाल्या आजीनेही कुणाकडून तरी उचललेलंच असणार. मला सकाळचं म्युझियम आठवलं. पीअरला अशीच गाणी हवी असायची ज्यांवर आधी कुणाचा हक्क नोंदलेला नाही, कारण हक्कातच पैसा होता. मग त्याच कार्टर कुटुंबातले ए.पी. कार्टर डोंगरात फिरून जुनी गाणी जमवायला लागले, बरोबर लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक, ए.पी. शब्द उतरवून घ्यायचे आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचे. तबकडीवर नाव कुणाचं, ते सांगायला नकोच. मी हे बोलून दाखवलं तर बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेच तर म्हणतेय मी."

निकाल काही लागला नाही, पिझ्झा आला. खाऊन परत तेच गाणं, या वेळी जरा संथ, आणि बाईंनी पहिलं कडवं साथीशिवाय एकटीने म्हटलं. नवरा घोरेल की काय अशी मला धास्ती होती, पण तोही जागा होता.

रात्री साडेदहाला आवरलं. काकांनी खिसे चाचपले, कपाळावर हात मारला आणि फ्रिजमधून गारठलेली किल्ली काढली.